आधी इथल्या वेळा शिक

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "काकू, बदलीचा अर्ज टाकू का?" आणि मी म्हटलं, थांब, लिहून कळवते. फोनवर तू "हो काकू, बरं काकू" करतेस आणि फोन ठेवला की सगळं वाऱ्यावर. कागदावरचं निदान फ्रिजला चिकटवून ठेवता येतं.

अर्जाचं उत्तर आधी देऊन टाकते. आत्ता टाकू नकोस. यंदाचा दसरा-दिवाळी इथे होऊ दे, एक थंडी अंगावरून जाऊ दे. मग वाटलं तर खुशाल टाक, मी अक्षर बोलणार नाही. कोकणातल्या कुडाळहून इथे नागपूरला येऊन तुला जेमतेम महिना झालाय. पहिल्या महिन्यात माणसाला नवं गाव दिसतच नाही गो, आपलं गाव इथे नाही एवढंच दिसतं.

तुझ्या तक्रारी मी नीट ऐकल्या. ऊन लागतं, मासे मिळत नाहीत, दुकानदार हिंदीत बोलतात, रविवार खायला उठतो. सगळ्या खऱ्या आहेत. फुटाळ्याची तक्रार ऐकून मात्र मला हसू आलं. रविवारी दुपारी दोन वाजता तू फुटाळा तलावावर गेलीस, तिथे चिटपाखरू नव्हतं, पाण्यावरचं ऊन डोळ्यांत गेलं आणि डोकं धरून तू परत आलीस. वर मलाच विचारतेस, "एवढं नाव ऐकलं होतं, आहे काय तिथे?" दुपारी दोनला तिथे काहीच नसतं. तोच फुटाळा संध्याकाळी सातनंतर बघ. काठावर टेकायला जागा मिळत नाही, कॉलेजची पोरं, आजोबांचं बोट धरलेली नातवंडं, कणसं भाजणारे, सगळं गाव तिथे लोटलेलं असतं. नागपूर कंटाळवाणं आहे म्हणणारी निम्मी माणसं इथे भर दुपारी हिंडलेली असतात, असं माझं पक्कं मत आहे.

तुझी खरी अडचणही हीच. राहतेस नागपुरात आणि वागतेस कुडाळच्या वेळेवर. गाव आवडतं की नाही ते मागाहून ठरव. आधी त्याच्या वेळा शिकून घे, दिवसाच्या आणि मग वर्षाच्या.

साधी गोष्ट बघ. मे महिन्यात इथे साडेपाचच्या सुमाराला सूर्य वर येतो, कुडाळपेक्षा चांगला अर्धा तास आधी. आपण तेवढे पूर्वेला आहोत. घड्याळ देशभर एकच, म्हणून हे कुणाच्या लक्षात येत नाही, पण शरीराच्या येतं. उन्हाळ्यात इथला दिवस पहाटे पाचला सुरू होतो. अंबाझरीच्या काठावर तेव्हा फिरणाऱ्यांची वर्दळ असते, दूधवाले, भाजीवाले, पेपरवाले सगळे आपापलं उरकत असतात. अकरानंतर रस्ते विरळ होऊ लागतात आणि साडेबारा ते पाच हे गाव दार लावून बसतं. संध्याकाळी परत उघडतं ते रात्री अकरापर्यंत. गोकुळपेठेच्या बाजारात भाजी घ्यायची ती दिवेलागणीनंतर, बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, कापडं घ्यायची ती आठ वाजता, आइसक्रीम दहाला. गेल्या काही वर्षांत उन्हाळ्याच्या दुपारी चौकाचौकांत सिग्नलजवळ हिरव्या जाळ्या ताणतात, म्हणजे थांबणाऱ्यांच्या डोक्यावर जरा सावली. त्या लागल्या की समजायचं, उन्हाळा सुरू झाला. कॅलेंडर बघायची गरज नाही.

आत्ता मार्चात तुला लागतंय ते ऊन मी ऊन धरतच नाही. मे अखेरीला नवतपा लागतो, सूर्य रोहिणीत शिरतो तेव्हाचे नऊ दिवस. पारा 45 च्या वर जातो. 2013 च्या मे महिन्यात इथे 47.9 अंशांची नोंद झाली होती. तुला घाबरवायला सांगत नाही. इथली माणसं त्यातही कामावर जातात, लग्नं लावतात, परीक्षा देतात. फक्त त्यांना रीत ठाऊक असते.

आपल्याकडे घाम निथळतो, म्हणून पाणी प्यायची आठवण राहते. इथे हवा इतकी कोरडी की घाम आला तसा उडून जातो, कापडं कोरडीच राहतात आणि आपल्याला वाटतं, घाम येतच नाही. संध्याकाळी डोकं ठणकायला लागलं की कळतं. तहान लागायची वाट न बघता पाणी पीत जा. ऑफिसातलं बाथरूम लांब आहे म्हणून पाणी टाळणाऱ्या मुली मी पुष्कळ पाहिल्यात, त्या जूनपर्यंत डॉक्टरच्या दारात उभ्या असतात. ओठ फुटतील, नाकातून एखाद्या वेळी रक्त येईल, त्याने हबकू नकोस. नाकाला आतून बोटभर तूप किंवा तेल लाव. पर्समध्ये ओआरएसची पुडी असू दे. आणि एसीच्या गारव्यातून एकदम भगभगीत उन्हात पाऊल टाकू नकोस, दाराशी सावलीत मिनिटभर थांब.

गाडीवर निघालेल्या इथल्या मुली बघितल्यास ना? पहिल्यांदा बघून तुला दरोडेखोर वाटल्या असतील. दुपट्टा आधी कपाळावरून घ्यायचा, मग नाकावरून फिरवून मानेमागे गाठ मारायची, टोकं आत खोचायची, वर गॉगल, हातांत कोपराच्या वरपर्यंत मोजे. दुपट्टा सुती हवा, नायलॉनचा घेतलास तर आत भाजून निघशील. कॉलेजच्या दारात उभी राहून दोन मुलींना बांधताना बघ, त्यांना अर्धा मिनिटही लागत नाही. हेल्मेट त्याच्यावर बसेल अशा बेताने बांधायला शिक.

आता कूलर. यावर मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण पुढचे तीन महिने तुझी झोप त्याच्यावर आहे आणि कुडाळात तू तो कधी पाहिलेला नाहीस. तिथे कूलर चालतच नाही. हवेतच पाणी इतकं की ताटीवरचं, म्हणजे कूलरच्या बाजूला लावलेल्या गवताच्या पडद्यावरचं, पाणी उडून जायला वाव नसतो. इथे मे महिन्यात ओली चादर दोरीवर टाकून मागे वळेपर्यंत वाळते, म्हणून तीन बाजूंना ओल्या ताट्या लावलेली ती लोखंडी पेटी खोली गार करते. एसीसारखी दारं-खिडक्या गच्च लावून मात्र तो चालवायचा नाही. बाहेरून नवे आलेले सगळे तेच करतात, मग खोली दमट होते, अंथरूण ओलसर लागतं आणि "काकू, कूलर काही कामाचा नाही" म्हणून फोन येतो. कूलर बाहेर, खिडकीच्या तोंडाशी, लोखंडी स्टँडवर. त्याने बाहेरची हवा ओढून आत टाकायची आणि आतल्या हवेला निघायला वाट हवी. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेव.

ताट्या खसच्या, म्हणजे वाळ्याच्या, घेतल्यास तर पहिल्या ओल्या दिवशी सगळं घर दरवळतं. साध्या गवताच्या स्वस्त पडतात, हंगामाअखेर चपट्या होतात. मी एक ताटी खसची आणि दोन साध्या लावते. ही चैन आहे हे मला कबूल आहे. बोअरच्या पाण्यात क्षार असले की मोटरीच्या तोंडाशी पांढरा थर बसतो आणि पाणी वर चढेनासं होतं. तेव्हा मिस्त्रीला पैसे देण्याआधी जुन्या टूथब्रशने घासून बघ. आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून कोरडी कर, नाहीतर डासांची पैदास तिथेच, आणि इथे डेंग्यू दरवर्षी हजेरी लावतो.

आणि हे फ्रिजवर वेगळं लिहून लाव: कूलरमध्ये पाणी भरताना, त्याला हात लावताना, ताटी सरकवताना, आधी बटण बंद, मग पिन काढलेली, पायात चप्पल. अंग लोखंडाचं आणि आत पाणी, त्यात अर्थिंग नसलेला प्लग. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं गेल्याची बातमी येतेच. खोली घेशील तिथे इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घे, दोनशे-तीनशे रुपयांकडे बघू नकोस.

जूनच्या मध्यावर पहिला पाऊस पडला की हाच कूलर अचानक निकामी होईल. तो बिघडलेला नसतो, हवा दमट झालेली असते. तेव्हा पाण्याची मोटर बंद ठेवून नुसता पंखा लाव. पाऊस आपल्याकडच्या साधारण तिसऱ्या हिश्श्याचाच, छत्री मोडत नाही. जून सरता सरता तुला बरं वाटायला लागेल बघ.

खोलीचं. पीजी सोडून मैत्रिणीबरोबर मनीषनगरला फ्लॅट बघतेस ते चांगलं आहे, तुझ्या कंपनीचं मिहान त्या बाजूला. पण एजंट तुला संध्याकाळी सहाला खोली दाखवेल, वारा सुटलेला असताना. तू "मला दुपारी चारला यायचंय" म्हण. आत गेलीस की पश्चिमेच्या भिंतीवर हाताचा तळवा ठेव. क्षणभरात हात काढावासा वाटला तर ती खोली मेमध्ये राहण्याजोगी नाही. सगळ्यात वरचा मजला टाळ. दिवसभर तापलेली स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खाली उष्णता सोडत राहते, कूलरचा गारवा तिच्यापुढे टिकत नाही. वरचाच घ्यावा लागला तर गच्चीला पांढरा रंग किंवा चुना मारून देणार का, हे मालकाला आधी विचार. खिडकीबाहेर कूलरचं स्टँड बसवायला परवानगी आहे का, हेही. काही सोसायट्या कटकट करतात.

तळमजला घेताना वेगळी चौकशी. 2023 च्या 23 सप्टेंबरला पहाटे काही तासांत इतका पाऊस झाला की अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी फुगली आणि अंबाझरी लेआउट, शंकरनगर, धरमपेठ या चांगल्या चांगल्या वस्त्यांतल्या तळमजल्यांत लोक झोपेत असताना पाणी शिरलं. लोकांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. एरवी ज्या नाग नदीला आपण नाला म्हणून नाक मुरडतो, ती नदी आहे हे त्या दिवशी कळलं. तेव्हा जवळ नाला आहे का, त्या वर्षी इथे पाणी आलं होतं का, हे एजंटला विचारू नकोस. शेजारच्या किराणावाल्याला विचार, किंवा सोसायटीच्या चौकीदाराला. त्यांना खोली विकायची नसते. मनीषनगरची आणखी एक खोड म्हणजे नकाशात मेट्रो स्टेशन हाकेच्या अंतरावर दिसतं, पण मध्ये रेल्वेचे रूळ आहेत. खरा रस्ता किती तो चालून बघितल्याशिवाय हो म्हणू नकोस.

करार 11 महिन्यांचा, रजिस्टर केलेला. महाराष्ट्रात तो नोंदवायची जबाबदारी कायद्याने मालकाची आहे. "कशाला उगाच खर्च" म्हणणारा मालक पुढे डिपॉझिट देतानाही तसंच म्हणेल. पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची असते ती द्यायला लाव, वीजमीटरचा फोटो पहिल्याच दिवशी काढून ठेव. बाकी तू हुशार आहेस.

जाण्या-येण्याबद्दल फार लिहीत नाही. मेट्रोची ऑरेंज लाइन खापरीपर्यंत जाते, तिथून पुढे कंपनीची बस किंवा शेअर ऑटो. लोकमान्यनगर-प्रजापतीनगरची ती अॅक्वा लाइन, दोन्ही बर्डीला भेटतात. एका रविवारी तिकीट काढून दोन्ही लाइनी टोकापासून टोकापर्यंत बसून ये. वरून गाव कळतं, कुठे झाडी आहे, कुठे नुसती पत्र्याची छपरं, कुठला भाग कुठे संपतो. माझ्या वेळी ही सोय असती तर इतवारीच्या गल्ल्यांत मी एवढी चुकले नसते.

आता मासे. मला ठाऊक आहे, हे तुझं सगळ्यात मोठं दुखणं आहे आणि बोलायला लाज वाटते म्हणून तू ते दुसऱ्या नंबरवर सांगितलंस. सुरमई, पापलेट इथे मिळतं, बर्फात प्रवास करून आलेलं. डोळे बघून तूच ठरव. मी ते घेणं सोडलं. त्यापेक्षा इथलं तळ्याचं रोहू शिक. भंडारा-गोंदियाकडचा मुलूख तळ्यांचा, तिथले ढिवर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करतात. रोहूला काटे आहेत, चव वेगळी आहे, आपल्या तिरफळाच्या आमटीत ते शोभत नाही हे खरं. हळद-मीठ-आलं-लसूण लावून तेलात खरपूस तळ, आमटीच्या वाटेला जाऊ नकोस. मोठा मासा घ्यायचा आणि कोळणीकडूनच तुकडे करून घ्यायचे. दर आठवड्याला एकाच बाईकडे गेलीस तर तिसऱ्या खेपेला ती स्वतःच "आज नको घेऊ ताई, कालचा आहे" म्हणून सांगेल. ते वाक्य ऐकलंस की समज, एक माणूस जोडलं.

सकाळी तर्री पोहे खा. पोह्यांवर चण्याची लालभडक तर्री, वर कांदा, लिंबू. पहिल्यांदा "तर्री कमी" म्हण. सावजीच्या बाबतीत तर ऑफिसातली पोरं तुला मुद्दाम चढवतील. मूळ हलबा कोष्टी विणकरांच्या घरचं ते जेवण, रश्श्यावर तेलाचा तवंग आणि आत खसखस, खोबरं, मिरी-लवंगांसकट डझनभर मसाले. चव मोठी आहे, पण मे महिन्याच्या रात्री पहिल्यांदा सावजी मटण खायला जाणं म्हणजे स्वतःशीच वैर. ते डिसेंबरसाठी राख. उन्हाळ्यात सोलकढी पी. आपली आमसुलं इथल्या उन्हावर काय उतारा आहे ते इथल्यांना माहीत नाही, ऑफिसात एक बाटली घेऊन जा, दुसऱ्या दिवशी चार जणी कृती विचारतील.

आणि संत्री आत्ताच खा. मृग बहार या महिन्यात बाजारात असतो, आंबिया बहार दिवाळीच्या आगेमागे येतो. गुळगुळीत चकचकीत फळाच्या मागे लागू नकोस. हातात घेतल्यावर साल आतल्या फोडींपासून सुटी लागली पाहिजे आणि फळ आकाराच्या मानाने जड असलं पाहिजे. ठेल्यावर एक सोलून मागितलंस तर कुणी नाही म्हणत नाही.

माणसांबद्दल तू म्हणालीस, "सगळे आधी हिंदीतच बोलतात, मग इथे आपलं म्हणायचं कुणाला?" हे गाव आधी मध्य प्रांताची आणि मग 1956 पर्यंत जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. त्याच्याही आधी गोंड राजा बख्त बुलंद शाहने वसवलं, मग भोसले, मग इंग्रज. छत्तीसगडचे, माळव्याचे, तेलुगू, सिंधी, सगळे इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत. अनोळखी माणसाशी हिंदीत सुरुवात करणं ही इथली सभ्यता आहे, परकेपणा नाही. तू मराठीत उत्तर दे, समोरचा लगेच वळतो, आणि वळला की एकदम घरात घेतो. "कुठची वो तू? एकटीच राहतेस? पगार किती देतात? जेवली का?" आपल्याकडे हे प्रश्न विचारायला लोक दोन वर्षं घेतात, विचारतात तेही तिसऱ्याकडे. इथे भाजीवाली पहिल्याच दिवशी तोंडावर विचारते. मला पहिल्यांदा ते उद्धट वाटायचं. पुढे मी तापाने पडले तेव्हा ज्या शेजारणीने विचारता विचारता सगळा इतिहास काढून घेतला होता, तीच डबा घेऊन आली. तिला माझ्याकडे कुणी नाही हे ठाऊक होतं ना. तेव्हा उत्तरं देत जा. पगार नको सांगू, हसून टाळ, कुणी रागावत नाही.

रविवार खायला उठतो म्हणालीस. आठवड्यातली एक वेळ एका ठिकाणी बांधून टाक. कुठेही, पण त्याच वेळेला आणि दर आठवड्याला. बर्डीवर विदर्भ साहित्य संघ आहे, 1923 पासूनचा. तिथे काही ना काही कार्यक्रम असतो, फुकट असतो आणि वेळेवर सुरू होत नाही, त्यामुळे आधी आलेल्यांच्या गप्पा होतात. पुस्तकं नको असतील तर सेमिनरी हिल्सला सकाळी चालायला जा. तुझ्या पीजीच्या मालकिणीच्या मुलीला गणित जमत नाही म्हणालीस ना? तिला शनिवारी तासभर शिकव. पैसे घेऊ नकोस, जेवण घे. आपल्या गावचीच माणसं हुडकून त्यांच्यातच बसशील, तर मात्र वर्षभर तुम्ही सगळे मिळून नागपूरला नावं ठेवत बसाल. मी तशी एक मंडळी पाहिली आहे, तीस वर्षं झाली, अजून ठेवताहेत.

घरी फोन करायची वेळ बदल. तिन्हीसांजेला करू नकोस. त्या वेळी तिथे दिवा लागलेला असतो, मागे कोणीतरी परवचा म्हणत असतं, आई दारात उभी राहून बोलत असते, आणि इथे तू पीजीच्या खोलीत एकटी. फोन ठेवल्यावर रडू येणारच, माझंही यायचं. सकाळी कर, दोघींनाही घाई असते तेव्हा. बोलणं थोडं होतं, पण कामाचं होतं.

सुट्टी मिळाली की घरी पळायचं हेही आवर. विदर्भ एक्स्प्रेसने रात्रभर जायचं, ठाण्याला उतरून कोकणची गाडी धरायची, दोन दिवस वाटेतच जातात आणि परतताना मन आणखी जड. वर्षातल्या मोठ्या दोन खेपा ठरव आणि त्यातली एक गणपतीची. त्याचंही वेळापत्रक इथल्याशी फार छान जुळतं. श्रावणी अमावास्येला पोळा. त्याच्या दुसऱ्या दिवशी इथे तान्हा पोळा, लहान मुलं लाकडी बैल सजवून फिरवतात, आणि त्याच दिवशी मारबत, मोठमोठ्या पुतळ्यांची मिरवणूक. 1880 च्या दशकापासून चाललेली ही मिरवणूक नागपूरचीच म्हणून ओळखली जाते. काळी मारबत, पिवळी मारबत, त्यांच्या मागे बडगे. त्या वर्षी लोकांना ज्याचा राग असेल त्याचा पुतळा, महागाई, भ्रष्टाचार, साथीचा रोग, काहीही. इतवारी-महालच्या गल्ल्यांतून ती गर्दी "घेऊन जा गे मारबत" ओरडत जाते आणि शेवटी सगळं जाळून टाकते. काळ्या मारबतीचा संबंध इंग्रजांना जाऊन मिळालेल्या बाकाबाई भोसलेशी लावतात. इतकी वर्षं झाली तरी तिला ओरडून घेतात, नागपूरकर विसरत नाहीत. सकाळी लवकर जा, पायात जुनी चप्पल घाल, मोबाइल आतल्या खिशात. ते बघून संध्याकाळची गाडी धर. चतुर्थी तिथून तीन दिवसांवर, म्हणजे गणपतीवरची माटवी बांधायला तू घरी. तिकीट साठ दिवस आधी उघडतं. गणपतीच्या गाड्या किती मिनिटांत भरतात ते मी तुला काय सांगणार.

दसऱ्याला मात्र इथेच थांब. 14 ऑक्टोबर 1956 ला दसऱ्याच्या दिवशी बाबासाहेबांनी इथे धम्मदीक्षा घेतली. दीक्षाभूमीवर दरवर्षी लाखो माणसं येतात, कित्येक जण पोरंबाळं आणि भाकरीचं गाठोडं घेऊन. त्या दिवशी रस्ते बंद असतात, ऑफिसात लोक वाहतुकीच्या नावाने कुरकुरतील, ती ऐकून घरी बसू नकोस. पायी जा. फूटपाथवर मैलभर पुस्तकांची दुकानं लागलेली असतात, आणि दिवसभर कष्ट करणारी माणसं तिथून पिशवी भरून पुस्तकं घेऊन परततात. ठिकठिकाणी पाणी आणि जेवण वाटणारे स्टॉल असतात, त्यांना हात कमीच पडतात. एखाद्या स्टॉलवर "मी वाढू का?" म्हणून विचार.

डिसेंबरात विधिमंडळाचं अधिवेशन. राजधानी गेली, त्याच्या बदल्यात 1953 च्या नागपूर कराराने मिळालेलं. तेवढे दिवस सिव्हिल लाइन्सकडे जायचं नाही, मोर्चे आणि बॅरिकेड. बाकी डिसेंबर-जानेवारी म्हणजे इथला खरा ऋतू. सकाळी आठ-दहा अंश, तोंडातून वाफ, शेकोट्या, कुणाच्या तरी शेतावर हुरडा. कुडाळात तुला स्वेटर लागला नसेल, इथे लागेल. नोव्हेंबरात फूटपाथवर स्वेटरची दुकानं लागतात, तिथे घे. तेव्हा रामटेकला जाऊ आपण, गडावर सकाळी. अर्जाचं काय ते त्या दिवशी बोलू.

येत्या रविवारी आमच्याकडे ये, सकाळी आठच्या आत. माळ्यावरचा जुना कूलर तुझ्यासाठी काढून ठेवलाय. मोटर चालते, पंख्याचा आवाज जरा जास्त आहे, ताट्या तेवढ्या नव्या घालू. काका स्टँडवाल्याशी बोलले आहेत, पण त्याला खिडकीचं माप हवंय. रुंदी, उंची आणि खिडकीचा खालचा कठडा जमिनीपासून किती, तिन्ही घेऊन ये. टेपने घे, अंदाजे नको.

तुझी,
काकू

ता. क. आई आमसुलं पाठवणार असेल तर दोन किलो पाठवायला सांग. एक किलो माझी.